कोपरावरचा टिपका

मंगळ. ७ फेब्रु. ८४
सासूबाई आज जिना उतरताना मधेच बसल्या. शनिवारी घाटकोपरला वन्संच्या शमाची हळद, तीन मजले चढायचे. म्हणाल्या, "नातीची हळद काय मी बघत नाही आता." म्हटलं, बिब्बा लावते. आईने आमच्या अख्ख्या वाडीचे गुडघे त्यावर चालते केलेत. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, दोन्ही गुडघ्यांना लावलं. आई आधी कोपरावर एक टिपका लावून दोन दिवस वाट बघते, सोसतो का ते. पण शनिवार तोंडावर. नाही थांबले.

बुध. ८
"हलकं वाटतंय गं," म्हणाल्या. मी कसली फुशारले! परत लावला. आईला कार्डही टाकलं, सासूबाईंना बिब्बा लावला, माझ्या हाताला पण गुण आहे म्हणून.
संध्याकाळपासून पाय खाजवतायत. घाम असेल.

शुक्र. १०
बिब्बा उतला. पायभर पाण्याचे फोड. तेच हात डोळ्यांना लागले, पापण्या सुजून बंद. डॉक्टर ओरडले, "कुणी केलं हे?" सासूबाईच म्हणाल्या, "माझं मीच लावलं." बाहेर आल्यावर ह्यांनी त्यांनाच झापलं. आणि मी बाजूला उभी, पिशवी धरून. शरम वाटते लिहायला.

शनि. ११
हे एकटेच हळदीला गेले. घरी आम्ही दोघी. "शमा कुठली साडी नेसली असेल गं?"
"पिवळी."
"ते मला पण कळतं." हसल्या. मला रडूच फुटलं. म्हटलं, आज ह्यांना सांगून टाकते.
"गप बस. पुढच्या महिन्यात तुझी आई राहायला यायचीय ना? त्याचं डोकं ठाऊक आहे तुला. दारात उभं करणार नाही तो तिला."
गप्प बसले. बरंही वाटलं, हे वाईट.

रवि. १९
फोड सुकले. डाग राहणार. गुडघे होते तसेच. शमाचं लग्नही हुकलं त्यांचं.
वन्सं आल्या होत्या. हे त्यांना सांगत होते, "आईचा हट्ट नडला, दुसरं काय." सासूबाई मान खाली घालून लसूण सोलत राहिल्या.
माझ्या कार्डाला आईचं उत्तर अजून नाही. कार्ड ते, उघडंच येणार, बिब्ब्याबद्दल लिहिलेलं. उद्या ह्यांची रजा, टपाल हेच घेतील. त्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं.
वन्सं गेल्यावर चहा देताना "अहो" म्हटलं. ह्यांनी मान वर केली. सासूबाईंनी पण.
साखर पुरे का, विचारलं.