अर्धाच सांगितलेला निरोप

डॉक्टरबाई, परवा माझाही गुडघा बदलला. दुखू नये म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जांघेतली नस बधिर केली, तेव्हा तुम्ही आठवलात. तुमच्याकडे कुठला पडदा! दोन बोटांनी नाडी चाचपायची आणि तिच्या अगदी शेजारी सुई घालायची, तीही थांबून थांबून, रक्त येत नाही ना बघत.

ऐंशीनंतरची बहारीनमधली ती वर्षं. मी वसईहून आलेली वॉर्डातली आया. चादरी बदलता बदलता अरबी शिकले, म्हणून तुमची दुभाषी मीच. एक हज्जा, म्हणजे हजला जाऊन आलेली म्हातारी; तिचा गुडघा आदल्या दिवशी बदललेला, सकाळपासून विव्हळतेय. तुम्ही सुई घालताय, मी तिचा हात धरलाय. "विचार तिला, गुडघ्यात झिणझिण्या आल्या का?" आल्या. थोड्या वेळाने तिचा चेहरा सैल पडला. "आता नीट सांग," तुम्ही म्हणालात, "दुखणार नाही, पण पायात जोरही नसेल. मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही." आणि पुढच्या खाटेकडे वळलात. मी म्हटलं, "हज्जा, अलम मफी, खलास!" दुखणं नाही, संपलं. तिने माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले. त्या कौतुकात पुढचं राहून गेलं. मी मिरवत चहाला गेले.

दुपारची बांग झाली. दुखत नाही म्हणून हज्जा नमाजाची चटई पसरायला उतरली, आणि पायाने तिला धरलंच नाही. मी धावले तर ती जमिनीवर, पट्टी लालेलाल. सर्जन सगळ्या वॉर्डासमोर तुमच्यावर ओरडले, "बंद करा हे सुयांचे प्रयोग!" तुम्ही मला कोपऱ्यात घेतलंत. "अगं, सांगितलं होतंस ना तिला?" "हो, डॉक्टरबाई. दोनदा." तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत, मग सर्जनकडे वळून म्हणालात, "चूक माझी. जवळ माणूस बसवायला हवं होतं."

टाके पुन्हा घातले, हज्जाचा गुडघा वाचला. जाताना तिने मला खजूर दिले. तुमची सुई मात्र बंद झाली. नंतर आलेल्या बाया उशीत तोंड खुपसून रडायच्या, आणि तुम्ही रिकाम्या हातांनी दारात उभ्या. मी तुमच्या शेजारी चादरीच्या घड्या घालत राहायचे.

त्याच संध्याकाळी इथली नर्स बजावून गेली, "आजी, उठायचं नाही हं!" पुन्हा येऊन तेच बजावलं. मला रडू फुटलं. पोरीला वाटलं, गुडघाच दुखतोय.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? उशीखालीच ठेवते. दोनदा नाही, डॉक्टरबाई. मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.