सणाच्या नारिंगी साड्या

मनामा, १२ एप्रिल २०२४

सौ. अँजेलाताईस,
कार्मेलचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

फॅमिली ग्रुपवर लिहिलं की वसईपासून कॅनडापर्यंत सगळे सल्ले द्यायला बसतात, म्हणून हा मेल. सवडीने वाच. बातमी अशी की यंदा मे महिन्यातल्या मातेच्या सणाला इथल्या चर्चमध्ये मराठी गीत होणार! मल्याळी, कोंकणी, तमिळ, फिलिपिनो, सगळ्यांची गीतं दरवर्षी होतात, आपलं आजवर एकदाही झालं नव्हतं. आणि गीत कुठलं, तर आपल्या बाबांचं. गावच्या चर्चबाहेर ते कधी कुणी गायलंच नाही. सणाची मिस्सा मोबाइलवर थेट दाखवतात, तेव्हा सतरा मेला ती बाबांना लावून दे. त्या दिवशी डायलिसिस असेल तर वेळ बदलून घे. डॉक्टरांनी आता महिन्यांच्या हिशेबात बोलायला सुरुवात केली हे तू कळवलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यात एवढी एकच गोष्ट आहे.

ऑर्गन वाजवणार आहेत ऊनाबाई. त्या आयर्लंडच्या, तिथल्या उत्तरेकडच्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या आणि इथेच मुलीकडे राहिल्या. बाबांचं गीत कागदावर होतंच कुठे? मी महिनाभर हॉस्पिटलची शिफ्ट संपली की त्यांच्याकडे जाऊन ते गायले, आणि त्यांनी ते उतरवून घेतलं. सजावट मारिकेबाईंकडे. त्या हॉलंडच्या, नवरा अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, राहायला अमवाजला. मराठी गीतासाठी फादरांकडे शब्द टाकला तो त्यांनीच.

आता साड्या. एकसारख्या साड्या नेसल्याशिवाय आपल्या बायकांच्या गळ्यातून सूर निघत नाही, हे तुला काय सांगायचं! या वेळी रंग मी निवडला, नारिंगी. नुसता मनाला आला म्हणून नाही, चांगलं नेटवर शोधून. हॉलंडचा तो लाडका रंग, आयर्लंडच्या झेंड्यात तो आहे आणि आपल्या झेंड्यातही आहे. म्हणजे कुणालाच परका नाही. बाब अल बहरीनजवळ ताहिरच्या दुकानातून सगळ्यांच्या एकदम घेतल्या. ओस्विन म्हणतो, पुढे रस्त्याचं काम चालू आहे अशा पाटीसारख्या दिसाल. तुझ्या भावोजींना रंगातलं काय कळतं ते तुला माहीतच आहे.

बाबांना माझा नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
कार्मेल

वसई, २० एप्रिल २०२४

चि. कार्मेलला अँजेलाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी बातमी बाबांना वाचून दाखवली आणि पंचाईत झाली. आता ते दुसरं काही बोलतच नाहीत. डायलिसिसच्या नर्सला सांगून झालं, रिक्षावाल्याला सांगून झालं, फादर घरी कम्युनियन घेऊन आले त्यांनाही सांगून झालं. पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरतात. जेवण अर्धी वाटी पेजेवर आलं होतं, ते परवा मागून मासा खाल्ला. मला तर रडूच आलं.

त्यांचे निरोप असे. तिसऱ्या कडव्यात घाई करायची नाही. शेवटच्या कडव्यात कार्मेलचा आवाज वर चढतो, तिथे बाकीच्यांनी खाली राहायचं, उगाच ओरडून तिच्या बरोबरीने जायचं नाही. ती बारा वर्षांची असताना तिच्या गळ्यासाठी बांधलेली ओळ आहे, ती तिचीच, असं दोनदा बजावलं. तू काही ऐकणार नाहीस, म्हणून मीही बजावते, एसीत झोपू नकोस.

नारिंगी साडीत तू कशी दिसशील याची कल्पना आली. फोटो नक्की पाठव. हॅन्सेलला माझे पापे. यंदा तरी मावशीशी मराठीत बोल म्हणावं.

तुझी ताई,
अँजेला

मनामा, ३० एप्रिल २०२४

सौ. अँजेलाताईस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोटो कसला मागतेस! माझं डोकं ठिकाणावर नाही. शुक्रवारी तालमीला आम्ही साड्या नेसून गेलो. ऊनाबाईंनी मागे वळून पाहिलं, ऑर्गनचं झाकण लावलं आणि पर्स उचलली. मला वाटलं, चक्कर आली असेल. जिन्यात गाठलं तेव्हा म्हणाल्या, या रंगासाठी मी वाजवणार नाही. मी आपली झेंड्याचं सांगत बसले. त्यावर त्या म्हणाल्या, तो झेंड्यात ठेवला आहे शेजाऱ्यासाठी, त्याच्याशी एक ना एक दिवस समेट व्हावा म्हणून. आम्ही तो अंगावर घालत नाही.

त्यांच्या घरी जाऊन ऐकलं सगळं. तीनशे वर्षांमागे हॉलंडच्या नारिंगी घराण्यातल्या एका राजाने आयर्लंडमध्ये कॅथलिक राजाला हरवलं. तेव्हापासून उत्तरेतले प्रॉटेस्टंट दर जुलैत नारिंगी पट्टे घालून, ढोल बडवत मिरवणूक काढतात. ऊनाबाई सात वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा वारले, आणि अंत्यविधीला निघायच्या वेळी दारावरून मिरवणूक आली. शवपेटी उंबऱ्यात ठेवून सगळे उभे. कुणी वाट दिली नाही, कुणी ढोल हळू केला नाही. हातात फुलं धरून त्या नारिंगी पट्टे मोजत राहिल्या. ताई, आपणही कॅथलिक, त्याही कॅथलिक. आपल्याला एवढं कळायला नको होतं का? पण कसं कळणार, सांग.

बरं, रंग बदलू म्हणून मारिकेबाईंकडे गेले, तर तिथे दुसरं रडं. त्यांच्या राजाचा वाढदिवस नुकताच झाला होता, अख्खं घर नारिंगी. नारिंगी आयसिंगचा केक माझ्या हातात दिला आणि मी साड्यांचा विषय काढला. त्यांचे डोळे भरले. महायुद्धात जर्मनांनी हॉलंड घेतलं तेव्हा हा रंग वापरायला बंदी होती, म्हणे. त्यांच्या आजीने कोटाच्या आत नारिंगी फीत शिवून पाच वर्षं काढली. ज्या रंगासाठी आजीने जीव धोक्यात घातला तो चर्चमध्ये लाजेचा कसा, असं त्या विचारतात. केक मात्र खाऊन आले.

ताहिरकडे गेले, तो म्हणतो फॉल लावलेली साडी परत नाही, खलास. आमच्या गाणाऱ्या बायका, वेन्डी आणि बाकीच्या, तर माझ्यावरच उखडल्या. ब्लाउज शिवून झाले, आठवडाभर गोऱ्या साहेबांचं ऐकतो, आता देवाच्या घरी कपडेही त्यांनीच ठरवायचे का? फादरांना विचारलं तर म्हणतात, पवित्र आत्मा मार्ग दाखवील. सगळ्यांनी त्या पवित्र आत्म्याच्या नावाने माझाच नंबर फिरवायचा ठरवलेला दिसतो!

चार दिवसांत मिटलं नाही तर यंदा मराठी गीत राहू द्या, असंही फादर हळूच म्हणून गेले. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
कार्मेल

वसई, ४ मे २०२४

चि. कार्मेलला आशीर्वाद, वि. वि.

वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आयरिश बाईंचं दुःख खरं, डच बाईंचंही खरं, पण त्यात आपल्या बायकांनी काय केलं? राजा त्यांचा, लढाई त्यांची, ढोल त्यांचे, आणि गीत बंद पडणार आपलं! एवढ्या वर्षांनी एक जागा मिळाली तीही दुसऱ्याच्या भांडणात घालवायची. तू पहिल्यापासून अशीच. दोघांचं पटत नसलं की तू मध्ये जाऊन उभी राहतेस आणि दोन्हीकडून मार खातेस. या वेळी ठणकावून सांग, साड्या याच आणि गीतही होणारच.

रागाने लिहिलं, पण उगाच नाही लिहिलं. बाबांचं वजन पुन्हा उतरलं. सतरा तारीख किती दिवसांवर आली हे सकाळी उठल्या उठल्या विचारतात. त्यांना नाही म्हणून सांगायचं असेल तर ते तू स्वतः येऊन सांग. माझ्याने होणार नाही.

तुझी,
अँजेला

मनामा, १२ मे २०२४

सौ. अँजेलाताईस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गीत होणार. तेवढं वाचून आधी शांत हो.

ठणकावून सांगणं मला जमलं नाही. ऊनाबाईंकडे पुन्हा गेले, आणि बाबांचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलून नीट पाहिला. मग म्हणाल्या, वाजवीन, पण मला तो रंग बघायला लावू नका. आता वाजवणारीला गाणाऱ्यांकडे न बघता कसं जमणार? कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, हे कुणीतरी खुणेने सांगायला हवं. तर ते मी सांगायचं. त्या आणि बायका यांच्या मध्ये मी उभी राहणार, माझ्या हॉस्पिटलच्या निळ्या ड्रेसमध्ये. एका हाताने त्यांची पानं उलटायची, दुसऱ्या हाताने बायकांना ठेका द्यायचा. मी अंगाने कधी नव्हे ती उपयोगी पडले, असं ओस्विन म्हणतो. माझ्याआडून काहीही दिसत नाही, तालमीत बघून झालं.

अडचण एकच. त्यांच्या कानाशी उभं राहून मी गायले तर त्या चुकतात. तेव्हा मी गाणार नाही. शेवटची ओळ वेन्डी घेईल, तिचा गळा चांगला तयार आहे. मला किती चीड आली ते लिहीत नाही. एक दिवस बाथरूमचा नळ सोडून ती ओळ मनसोक्त गाऊन घेतली, झालं. बाबांना सांगू नकोस. एवढ्या बायकांच्या आवाजात आणि मोबाइलच्या त्या खरखरीत कोण कुठली हे कुणाला कळतं?

मारिकेबाई खूश, वेन्डी खूश, फादर म्हणतात बघा, मार्ग निघाला. लोभ असू दे, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
कार्मेल

वसई, १८ मे २०२४

चि. कार्मेलला अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल दुपारपासून शेजारपाजार आपल्याकडे जमला होता. बाबांना दाढी करून, कोरा सदरा घालून उशांना टेकवून बसवलं. कॅमेरा सगळा वेळ वेदीवर. मागे माळ्यावर गाणाऱ्या तुम्हा बायकांचं नखसुद्धा दिसलं नाही. नारिंगी काय आणि हिरवं काय! मला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना.

पण गीत सुरू झालं आणि घरात कुणी हललं नाही. सुरेख झालं, कार्मेल. ऊनाबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्यावर मी उगाच तोंडसुख घेतलं. तिसऱ्या कडव्यात घाई नव्हती. शेवटची ओळ वेन्डीने छान चढवली. बाया डोळे पुसत होत्या, सगळ्यांनी बाबांचे हात हातात घेतले. आपल्या गावचं नाव निघालं म्हणाले.

सगळे गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, कार्मेल कुठे होती? मी म्हटलं, तिथेच, सगळ्यांच्या मध्ये. तिचा आवाज नव्हता, म्हणाले. मी एसीचं सांगितलं, घसा बसल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रेकॉर्डिंग आलं होतं, पुन्हा लावू का विचारलं, तर मोबाइल हाताने बाजूला सारला. गाणं मला पाठ आहे, म्हणाले, मला पोरीला ऐकायचं होतं.

रात्री जेवले नाहीत. आज सकाळीही नाही. मी रागावलेली नाही, पण आता कुणाच्याही मध्ये उभी राहू नकोस. पहिली मिळेल ती रजा घे आणि ये.

वाट पाहते.

तुझी ताई,
अँजेला