दोन इसाबेल्ला फ्लेट

मी, विल्हेल्मिना फ्लेट, वय चौऱ्याऐंशी, अविवाहित, राहणार पोर्टहॅडो, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा भाऊ अ‍ॅलेक शंका काढणार हे मला ठाऊक आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

चांदीची चहाची किटली भावजय मॉरागला द्यावी. तिचा डोळा त्या किटलीवर लग्नापासून आहे. एकदाचा निवू दे. हेरिंग मासे साफ करायची आईची सुरी कोणालाच नको असेल तर माझ्यासोबत पुरावी.

माझे राहते घर शेजारीण एफी फ्लेट हिला द्यावे. ती माझ्या नात्यातली नाही. कारण लिहून ठेवते.

या गावात निम्मे लोक फ्लेट. म्हणून प्रत्येक घराण्याला टोपणनाव असते आणि ते पावतीवर, मतदारयादीत, थडग्यावरही लागते. आम्ही ‘बटण’, एफीचे घराणे ‘गाजर’. १८५८ च्या उन्हाळ्यात मासळी खारवायच्या शेडमध्ये जाळ्यांखाली मेलेले तान्हे मूल सापडले. गावात तेव्हा इसाबेल्ला फ्लेट नावाच्या दोन विधवा होत्या: एक माझी पणजी, दुसरी एफीची खापरपणजी. गावकऱ्यांचे अपराध लिहायच्या चर्चच्या वहीत नोंद झाली, ‘इसाबेल्ला फ्लेट, विधवा, हिने बाळंतपण लपवले.’ आमच्या घराने बोट दाखवले गाजरांकडे. त्यांची इसाबेल्ला बिचारी दूरच्या बंदरात हेरिंग साफ करायला गेली होती. परतली तोवर गावाचा निकाल लागला होता. तिच्याशेजारी बसून गळांना आमिष लावायला कोणी तयार होईना. तिच्या मुलाला एकाही होडीवर घेतले नाही. ती निराधारगृहात मेली आणि तिच्या नावाचा दगडही नाही.

निवृत्तीनंतर मी वंशावळ काढू लागले, तीही अ‍ॅलेकच्याच आग्रहाने. चर्चच्या त्या वहीत प्रत्येक फ्लेटपुढे टोपणनाव आहे, दारू पिऊन पडलेल्याच्याही. फक्त या एका ओळीत नाही. वही लिहीत होता माझ्या पणजीचा सासरा. पुढे एडिंबरोच्या दफ्तरखान्यात सुईणीचा जबाब मिळाला: ‘बटणांची इसाबेल्ला. तिला दूध आलेलं मी पाहिलं.’ पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही.

मूल जिवंत जन्मले होते का, हे कागद सांगत नाहीत. नवऱ्याला समुद्राने नेऊन दोन वर्षे झालेली, आणि ती त्या शेडमध्ये एकटी. तिचा मला राग येत नाही. सासऱ्याचा येतो, फार येतो. खोटा शब्द त्याने एकही लिहिला नाही, एक खरा तेवढा गाळला.

अ‍ॅलेक म्हणाला, “मिना, दीडशे वर्षं झाली गं. मेलेल्यांना निजू दे की.”

“आपली निजली आहेत रे. त्यांची कुठे निजलीत?”

“आणि गाव काय म्हणेल?”

“गावाने आजवर काय कमी म्हटलं?”

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. वडिलांचा वायुभारमापक तरीही त्यालाच द्यावा. वादळ आधी कळलेले त्याला आवडते.

एफीला सांगितले तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने हातातली बशी खाली ठेवली. “आत्ता सांगतेस होय गं? आई गेली ना माझी मागच्या थंडीत. मरताना म्हणाली, चर्चच्या भिंतीपासून लांब पुरा मला, आपलं रक्त वाईट.”

  घर दिल्याने ते भरून निघत नाही, हे मी जाणते.

शिल्लक बचतीतून दोन कामे करावीत. ती होईपर्यंत माझ्या दगडावर एक अक्षरही कोरू नये. आमच्या घराण्याच्या थडग्यावर पणजीच्या नावाखाली ‘आणि तिचे मूल’ असे कोरावे. दुसरा नवा दगड चर्चच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उभारावा. पाथरवट कुरकुरला, “बाई, दगडावर असलं कोणी लिहितं का?” त्याने मजकूर बदलू नये. तो असा:

‘इसाबेल्ला फ्लेट “गाजर”. ते मूल हिचे नव्हते.’

इथल्या कायद्याला एक साक्षीदार पुरतो. मी दोघांना बोलावले. अ‍ॅलेक आला नाही.

सही: विल्हेल्मिना फ्लेट “बटण”
साक्षीदार: हेक्टर गेडीज, टपालवाला
दुसरा साक्षीदार: जागा कोरी
पोर्टहॅडो, ९ नोव्हेंबर २०१२