तारेतला आपला करंट

आप्पा, सदलग्याचं तुमचं टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं. बॅटरी रूममधल्या त्या थोराड बॅटऱ्या, ज्यांना पाणी घालताना तुम्ही कुणाला उंबरा ओलांडू द्यायचा नाहीत, त्या टेम्पोत घालून भंगारात गेल्या. दारावरची कन्नड पाटी तेवढी राहिली आहे. तुमच्या पश्चात काय काय झालं हे सांगायला मी एवढ्या वर्षांत कधी बसले नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आजही नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणारच नाही.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात, म्हणून मला अनुकंपेवर निपाणीच्या ऑफिसात काउंटर मिळाला. सुरुवातीला टेलिफोनसाठी अर्ज करणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत यायची. आमदारांची चिठ्ठी घेऊन लोक यायचे आणि तरी दोन दोन वर्षं थांबायचे. मग मोबाइल आला, आणि त्याच काउंटरवर मी टेलिफोन परत करण्याचे अर्ज घेऊ लागले. गावागावांत खाजगी कंपन्यांचे टॉवर उभे राहिले. रस्ता रुंद करताना जेसीबीने तुमची केबल तोडली की ती तशीच पडायची, कारण जोडायला माणूसच उरला नव्हता. शेवटी एका फटक्यात अर्ध्याहून जास्त ऑफिस स्वेच्छानिवृत्तीवर घरी गेलं. त्यात मीही होते. चार महिने घरात बसले, मग फायबरचं काम घेतलेल्या कंत्राटदाराने बोलावून घेतलं. त्याला माझं काम नको होतं, आप्पा, ओळख हवी होती. लाइनमनची मुलगी दारात आली की मळ्यातली माणसं आधी पाणी देतात आणि मग काय काम आहे ते विचारतात, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

तुम्हाला आपलं स्वयंपाकघर आठवतं का? तुम्ही केबलच्या सांध्यांवरून यायचा तेव्हा हात कोपरापर्यंत केबलमधल्या चिकट जेलीने माखलेले असायचे. आई मोरीशी रॉकेलची वाटी ठेवायची, आणि हात धुऊन झाले तरी भाकरीला रॉकेलचा वास यायचाच. मी कॉलेजात होते त्या वर्षी एकदा घरच्या फोनवर कुणाची तरी लाइन बंद असल्याची तक्रार आली. तुम्ही जेवत होता. कटकट नको म्हणून मी सांगून टाकलं की लाइन संध्याकाळपर्यंत चालू होईल. तुम्ही घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलंत.

"तुला कुणी सांगितलं गं संध्याकाळपर्यंत हुतीय म्हणून?"

"असंच म्हटलं, आप्पा. गप बसंल तरी."

"ठाव न्हाय तर न्हाय म्हणायचं. पलीकडं माणूस बसलंय वाट बघत. तारंत खोटं घालायचं न्हाय."

आणि ताट बाजूला सारून तुम्ही त्या माणसाची लाइन बघायला निघून गेलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. एवढ्याशा गोष्टीचं किती ते, असं वाटलं होतं.

दुधगंगेच्या काठच्या त्या मळ्यातल्या अव्वा तुम्हाला नक्की आठवतील. जैनांचं घर, नवरा गेलेला, मुलं नाहीत, पुतण्या सदलग्यात. त्यांच्या घरी टेलिफोन बसवताना तुम्ही त्यांना म्हणाला होता की गावातली लाइट गेली तरी हा फोन जाणार नाही, कारण ह्या तारेत आपला करंट आहे, एक्स्चेंजच्या बॅटरीतला. ते वाक्य त्या बाईंनी आयुष्यभर जपलं. आल्यागेल्याला सांगायच्या. मागच्या एका पुरात मळ्याला पाण्याचा वेढा पडला, लाइट गेली, मोबाइल बंद पडले, तेव्हा अव्वांनी त्याच फोनवरून पुतण्याला हाक मारली आणि होडी आली. पुतण्याने दिलेला मोबाइल त्या डब्यात ठेवायच्या. नदीपलीकडचा टॉवर पकडून तो सारखा महाराष्ट्रात स्वागत करायचा. "घरात बसून राज्य बदलतंय बघ हे," म्हणून हसायच्या.

एक्स्चेंज बंद करायचं ठरलं तेव्हा तांब्याच्या तारेवरचे मोजके नंबर उरले होते. ते सगळे फायबरवर आणायचे आणि सह्या घ्यायच्या, हे माझं काम. अव्वा सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. मी तीनदा गेले. चौथ्यांदा गेले तेव्हा पाच वाजले होते आणि त्या जेवायला बसल्या होत्या, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून. मलाही बळेच ताटावर बसवलं. मी जेवता जेवता सांगत राहिले की नंबर तोच राहील, आवाज स्वच्छ येईल, फक्त भिंतीला एक डबा लागेल.

"आन् करंट गेला तर?" त्यांनी विचारलं.

डबा घरच्या लाइटवर चालतो, आप्पा. काचेच्या तारेतून उजेड जातो, करंट जात नाही. लाइट गेली की डबा मेला. त्याला जोडायची छोटी बॅटरी बाजारात मिळते, काही तास निभावते. पण ते सांगायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं, आणि कबूल केलं की त्या सही करणार नाहीत, आणि एका सहीसाठी कंत्राटदार मला रोज फोन करत होता. मी म्हणाले, "चालतंय की."

"हौदा?" खरंच का, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेन हातात होतं, पण टेकवत नव्हत्या. मग मी म्हणाले, "अव्वा, आप्पा असते तर त्यांनीच येऊन बसवला असता. ह्यात बी आपलाच करंट हाय."

त्यांनी सही केली. कन्नडमध्ये, एकेक अक्षर सावकाश. मला वर दही वाढलं.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि दुधगंगा पुन्हा मळ्यात आली. बाकीची माणसं आदल्या दिवशी जनावरं घेऊन बाहेर पडली. पुतण्या न्यायला गेला तर अव्वा निघाल्या नाहीत. फोन आहे की, लागलं तर बोलावते, म्हणाल्या. त्याच दुपारी लाइट गेली ती तीन दिवस आली नाही. पुतण्या वाट बघत राहिला. फोन आला नाही म्हणजे ठीक असेल, असं त्याने धरलं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. होडी पोचली तेव्हा त्या माडीवर फोनपाशीच होत्या. छातीत कळ आली असावी, डॉक्टर म्हणाले. रिसीव्हर खाली लोंबत होता. हे मी ऐकलेलं आहे. मी तिकडे गेले नाही, माझं धाडस झालं नाही.

महिन्याभराने पुतण्या कंत्राटदाराच्या निपाणीतल्या ऑफिसात माझ्या काउंटरवर आला. अव्वांच्या फोनचे कागद मिटवायला आला होता. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आक्का, एक कळंना झालंय. पयल्या पुरात तिनं फोन केलता. ह्या टायमाला का लागला नसंल?"

"पाण्यानं लाइन गेली असंल," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. तो माझ्यावर विश्वास ठेवून गेला, आप्पा. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित बोलले असते. घरी येऊन मी मोरीत हात धुतले, कितीतरी वेळ धूत राहिले, आणि त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. तुमची फार भीती वाटली. एवढी मोठी झाले, केस पांढरे झाले, तरी ताट बाजूला सारून तुम्ही उठून जाल आणि परत माझ्याकडे बघणार नाही, असं वाटलं.

हे लिहिलेलं मी कुठे धाडणार. पुतण्याला द्यावं असं मनात येतं, पाकीटही आणलं होतं. त्यावर त्याचं नाव घातलं नाही.

गेल्या आठवड्यात तो स्वतःच परत आला. मुलीचं लग्न झालंय, ती आता निपाणीत राहते, तिला नवीन कनेक्शन हवंय. शेजारी दुसऱ्या कंपनीचं दुकान असताना तो मुलीला घेऊन माझ्याच काउंटरवर आला. "ह्यांच्याकडनंच घे," तिला म्हणाला, "ह्यांच्या घरचा शब्द पक्का असतोय." मुलीने स्पीड विचारला, टीव्ही लागतो का विचारलं. लाइट गेली तर काय, हे तिने विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. फॉर्म पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.