तवंदी घाटातला काटा

आप्पा, तुमच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा बदललाय. आईनंच लकडा लावलावता. निपाणीत मावशीच्या नातवाचं बारसं, आणि आईला जायचं तर तुमच्याच जुन्या गाडीतनं. "पण आधी तेवढा काटा बघून घे रं. घाटात लई छळलंय त्यानं तुझ्या आप्पास्नी."

मच्छेच्या एका गॅरेजात गाडी घातली. मिस्त्री डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि हसायलाच लागला. "सावकार, ह्याची नळी इंजनापतोर गेलीच न्हाय की! इंजनाचं भोक बोल्ट मारून बंद केलंय. गंज बघा बोल्टावरचा. हा काटा कवाच मेलाय." तांब्याची ती बारीक नळी गुंडाळून वर बांधलीवती, जांभळ्या रेशमानं. गाठ मी बघितली. एवढीशी, चपटी, टोकं दातानं तोडलेली. मागावर तुटलेला दोरा जोडताना तुम्ही मारायचा, तीच. दुसरं कोण मारणार तशी? मी तितंच एका टायरावर बसलो.

आणि मला घाट दिसायला लागला. निपाणीच्या बाजारातनं आपण परत वडगावला चाललोय. पुढच्या सीटवर न खपलेल्या साड्यांचा गठ्ठा, मागं आई, आक्का आणि मी. काटा फक्त तुम्हाला दिसतोय. निम्म्या चढाला तुम्ही म्हणताय, "चढला बघा काटा. तापली." गाडी कडेला. बॉनेट उघडून तुम्ही त्याच्या आड उभे. आम्हाला मागनं नुसता बॉनेटचा पत्रा दिसतोय, आणि कडेला धरलेली तुमची बोटं. आक्का ओरडतीय, "आप्पा, ढकलू काय?" तुमचा आवाज लई वेळानं येतोय. "गप बसा गं. निवू दे जरा तिला." आई गाडीला पाणी घालायला तांब्या घेऊन उतरतीय, आणि तुम्ही म्हणताय, आण, आधी मलाच दे.

मागावरच छातीत कळ येऊन गेला तुम्ही. कॅम्पातला डॉक्टर म्हणाला, हे दुखणं एका दिवसाचं न्हाय. आई त्याच्यावर खवळली, "कधी डोकं दुखतंय म्हणाले न्हाईत ते!" तवापासनं ती गाडीलाच शिव्या घालतीय. आता तिला सांगू तर कसं? सांगितलं तर ती एकेक फेरी आठवून काढंल, आणि मला कसं कळलं न्हाय म्हणून झुरत बसंल.

न सांगताच नवा मीटर बसवला. काल बारसं उरकून परतताना घाट चढलो. सारखं वाटत हुतं, गाडीच्या पुढं कुणीतरी मान खाली घालून, बॉनेटला धरून, उलट्या पावलांनी चालतंय. काटा मधल्या खुणेवरनं हलला न्हाय. मागनं आई म्हणाली, "बघ कसा गप बसलाय. तवाच बदलला असता तर त्यांचा केवढा तरास वाचला असता." मी म्हणालो, "व्हय."

हे तुम्हाला धाडता येत न्हाय ते एक बरं. घरात तर कुणाला दाखवणारच न्हाय. गेल्या आठवड्यात जिना चढताना मी मधीच थांबलो. बायको वरनं म्हणाली, "काय झालं ओ?" मी खिशातला मोबाईल काढून कानाला लावला. "फोन आलाय गं. हो तू पुढं."

फोन कुणाचाच न्हवता, आप्पा.