दोन लाख लोकांनी पाहिलेला हात

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

लिहितोय! उजव्या हाताने! अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय — पण माझं!

दीड वर्षापूर्वी पुतण्याच्या लग्नात बुंदीची कढई कलंडली. उकळतं तेल हातावर. जखम भरली, पण बोटं तळहाताला चिकटून मूठ झाली ती झालीच. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर — ज्या हाताने तिकिटं फाडली तो हात! डाव्याने जेवायचं, म्हणून पंगतीला जाणंच सोडलं.

मागच्या महिन्यात खामगावला डॉ. जहांआरा मॅडमनी ऑपरेशन केलं. मांडीची कातडी तळहातावर लावली. आज पट्टी सुटली. चार बोटं सरळ, करंगळी तेवढी वाकडी. मॅडम म्हणाल्या, "काका, ती एवढीच येईल. आधीच सांगितलं होतं." म्हटलं, बाई, एक राहू द्या वाकडी, चार तर आली!

मग मॅडमनी विचारलं, तुमचा व्हिडिओ टाकू का? दवाखाना नवा. प्लास्टिक सर्जन खामगावात बसते हे कोणाला माहीतच नाही, जळालेली माणसं घरीच बसून राहतात. "नाही म्हणालात तरी चालेल." मी लगेच कागदावर सही केली. नव्या हाताची पहिली सही!

मॅडमचं इन्स्टाग्राम राजकुमार नावाचा एक जण सांभाळतो, अकोल्याहून येतो. मला म्हणे, "आधी दुःखी चेहरा करा." जमेना! सारखं हसूच येत होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन लाख लोकांनी पाहिलं!!

अब्दुल गनीचा फोन — अकरा वर्षं तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. "अबे भागवत, तू तं हिरो झाला बे!" बसस्टँडवर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. बायको, वच्छला, मात्र घरात कपाळाला हात लावून बसली. "येवढ्या लोकाईले दाखवाचं होतं तं दाढी तं करून जाचं!"

दुपारी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा. शेवटी आधीचा हात, मग नंतरचा हात. नंतरचा हात गोरा, मऊ. करंगळी फूटपट्टीसारखी सरळ.

तो हात माझा नाही.

वच्छलाला सांगितलं नाही. चांगलं चाललंय, उगाच काऊन?

८ नोव्हेंबर

एकवीस फोन. करंगळीचं कोणालाच सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दारात एक बाई. कौशल्याबाई, धामणगाव बढ्याच्या. पत्ता विचारत विचारत बुलढाण्याला आल्या. त्यांच्या पोरीचा हात चुलीवर जळाला, बोटं माझ्यासारखीच आत वळलेली.

"भाऊ, तुमचा हात पाह्यला मोबाईलवर. सालभरानं पोरगी हासली माही! म्हने, आई, माहाबी असाच बिलकुल सरळ होईन. दाखवा बरं."

आणि मी काय केलं? हात खिशात घातला! ज्या हातासाठी दीड वर्ष रडलो तो हात, लपवला!

वच्छला आतून पाणी घेऊन आली. "दाखवा ना! फोनवर तं साऱ्या दुनियेले दाखवला."

काढला. कौशल्याबाईंनी करंगळी पाहिली. मग मोबाईल पाहिला. पुन्हा करंगळी.

"हे तं येगळंच हाय."

"बाई, हाच खरा," म्हटलं. "थो दुसऱ्याचा हाय."

चहा न घेता गेल्या. वच्छलाने चहाचं आधण उतरवून ठेवलं. तिने बोललेलं परवडलं असतं.

१२ नोव्हेंबर

पहिल्या गाडीने खामगाव. बोथ्याच्या घाटात पूर्ण वेळ मनातल्या मनात भाषण पाठ केलं, दवाखान्यात गेल्यावर सगळं विसरलो. मोबाईलच पुढे केला.

मॅडमनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता. ऑपरेशनं, रोगी, वेळ कुठे! आता पाहिला. चेहरा पडला. "हा हात माझ्या हातचा नाही."

राजकुमार तिथेच होता. "नेटवरून घेतला, मॅडम. वाकडी करंगळी पाहून कोन येईन? सारेच करतात."

मॅडमनी तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला. दोन लाख लोक गेले! खोटं काऊन लिहू — एकदा वाटलं, राहू द्या म्हणावं.

"काका, माफ करा. चूक माझी. माझ्या नावाने जातं ते मी पाहायला हवं होतं."

"मले पाच दिवसापासून माहीत होतं," म्हटलं.

मॅडमना हसूच फुटलं. "मग आपण दोघंही सारखेच! बसा, दुसरा काढू." राजकुमारला बाजूला बसवलं आणि मोबाईल स्वतः धरला. एवढी ऑपरेशनं करणारी बाई, पण मोबाईल आधी उलटाच धरला!

मी म्हटलं — मी भागवत, बुलढाण्याचा रिटायर कंडक्टर. हा माहा हात. चार बोटं आली, करंगळी नाही आली. दुखलं. पण आता घास हातानं खातो, चिल्लर मोजतो. व्हिडिओला गाणं नाही, काही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चारशे बारा लोकांनी पाहिलं. गनी म्हणतो त्यातले पन्नास तोच.

संध्याकाळी कौशल्याबाईंचा फोन! "भाऊ, पोरीनं पाह्यलं. म्हने, हा मानूस खरं सांगून राह्यला, याच्या डॉक्टरकडे जाऊ."

घरात नाचलो. खरंच नाचलो! वच्छला म्हणाली, "पडसान!"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मायलेकींसोबत खामगावला गेलो. पोरीने वाटेत एकच विचारलं, "आबा, लय दुखते काय?"

"दुखते. मंग नाही दुखत."

मॅडमनी तपासलं, कागदावर चित्र काढून समजावलं. अंगठा आणि तीन बोटं येतील, चौथ्याचं सांगता येत नाही. पोरगी म्हणाली, "चालते." तारीख ठरली, पाच डिसेंबर. परत येताना तिघांनी मिळून शेंगदाणे खाल्ले. फोलपटं मी काढून दिली!

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी वच्छला समोर येऊन बसली. केस मागे सारले. डाव्या कानाची पाळी फाटून दोन फाका झालेली — जड झुमक्याने, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. अडतीस वर्षं पाहतोय. विचारलं एकदाही नाही.

"हे शिवून देते का थे डॉक्टरीन?"

"देते."

"मंग उद्या मले घेऊन चाला. आन् त्याईले म्हना, व्हिडिओ काढा. तोंडासगट."