भेळेच्या गाड्याची दोन चाकं

रविवार, संध्याकाळ

कॅलेंडरवरच्या त्या जुन्या फ्रेंच चित्रातली बाई बागेत बसून चित्र काढतेय आणि तिच्याकडे कुणीही बघत नाही. तिचं बघून आज मीही सिद्धेश्वर तलावाकाठी भेळेच्या गाड्याचं चित्र काढायला बसले. मांडीवर बोर्ड, हातात पेन्सिल. दोन चाकं काढली, तोवर गाडेवाल्यानं गाडा पळवलाच! मागोमाग बाकीचेही. मी महापालिकेच्या अतिक्रमण विभागाची आहे आणि गाड्यांची नोंद घेतेय, असं वाटलं त्यांना. "अहो, चित्र काढतेय!" ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय? कागदावर नुसती दोन चाकं.

त्या बाईकडे कुणी कसं बघत नाही?

परतताना कोपऱ्यावर तोच गाडेवाला भेटला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, परत कवा येणार, सांगा की. त्या दिशी गाडा लावत न्हाय."